ओंजळीचं नाणं

"याला गळाच नाही रे," कानमामा म्हणाले आणि त्यांनी ते नवंकोरं नाणं उचलून पुन्हा ऐरणीवर टाकलं.

टप्. एवढाच आवाज. समोर उभ्या असलेल्या ठसेबुवांचा चेहरा उतरला. या नाण्याचा ठसा त्यांनी अकरा महिने खपून कोरला होता आणि पहिल्या खेपेतलं पहिलं नाणं आज ते स्वतः तळहातावर मिरवत मामांच्या खोलीत घेऊन आले होते.

"गळा नाही म्हणजे?"

"मुकं आहे."

"हे एकच?"

मामांनी ताटातली मूठभर नाणी घेतली आणि एकेक ऐरणीवर सोडली. टप्, टप्, टप्. "सगळीच."

"अरे बाबा, दोन धातूंचं नाणं आहे ते," बुवा वैतागून म्हणाले. "बाहेर पिवळं कडं, आत पांढरी चकती. दाबून बसवलेली. सांधलेल्या वस्तूला कुठला आलाय नाद? तो दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे."

"स्वभाव तर स्वभाव," मामा म्हणाले. "मग मला तो शिकायला हवा. चार दिवस दे."

कानमामा हे नाव त्यांच्या आईवडिलांनी अर्थातच ठेवलेलं नव्हतं. टांकसाळीत एकतीस वर्षं नाणी वाजवून पाहण्याचं काम केल्यावर त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. नाणं पाडून झालं, पुसून झालं, यंत्रावर त्याचं वजन आणि माप झालं की ते शेवटी मामांच्या खोलीत येई. खोलीचं दार जाड, आतून जाड कापड लावलेलं. मध्ये लाकडी ओंडक्यावर लोखंडी ऐरण, उजवीकडे हिरवी पेटी, डावीकडे लाल पेटी. आत तडा गेलेलं किंवा हवेचा बुडबुडा अडकलेलं नाणं दिसायला राजबिंडं असतं, पण ऐरणीवर पडलं की त्याचं पितळ उघडं पडतं. असली नाणी लाल पेटीत आणि तिथून वितळवायला. मामांनी लाल पेटीत टाकलेलं नाणं निर्दोष होतं, असं आजवर एकालाही सिद्ध करता आलं नव्हतं. दोन-तीन उत्साही साहेबांनी प्रयत्न केला होता आणि नाणं कापून बघितल्यावर मुकाट्याने परत गेले होते.

नव्या नाण्याचा मोठा गाजावाजा होता. विसाच्या कागदी नोटेचे बसवाहकांच्या हातात सहा महिन्यांत धिंडवडे निघत, म्हणून त्या नोटेच्या जागी हे नाणं येणार होतं. कडेला ठरावीक अंतरावर सात खाचा होत्या. ज्यांना दिसत नाही त्यांनी नख फिरवलं की विसाचं नाणं कळावं, ही बुवांची कल्पना. आणि पांढऱ्या चकतीवर एक ओंजळ होती. नुसती रिकामी, वर धरलेली ओंजळ. त्यासाठी बुवांनी आपल्या बायकोला आठ दिवस रोज संध्याकाळी खिडकीपाशी बसवलं होतं. "यात काय घालणार आहात ते तरी सांगा, म्हणजे हात दुखल्याचं सार्थक होईल," असं ती माउली म्हणाली होती. तिची डावी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली. बुवांनी ती नाण्यावर तशीच वाकडी कोरली. समितीने ती सरळ करायला सांगितल्यावर, "मग हात दुसऱ्या कुणाचे तरी आणा," असं सांगून बुवा बैठकीतून उठून आले होते. त्यानंतर समितीने करंगळीचा विषय काढला नाही.

मोठ्या साहेबांचा हुकूम होता की पहिल्या खेपेतल्या चाळीस हजारांतलं प्रत्येक नाणं वाजवून पाहिलं गेलं पाहिजे. मामा सकाळी आठला बसत. तीन दिवस त्यांना त्या टप्-टपमध्ये काही म्हणता काही सापडलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मात्र त्यांचा हात थांबला. टप् झाल्यावर त्याच्या मागोमाग काहीतरी होतं. अगदी बारीक. खरखर म्हणावी तर खरखर, थरथर म्हणावी तर थरथर. हलणाऱ्या दाताला जिभेने ढकलावं तसं. त्यांनी ते नाणं वेगळं ठेवलं. तासाभरात तसलं आणखी एक निघालं. संध्याकाळी मोजलं, तर शंभरात सात-आठ या हिशेबाने ताटाच्या कडेला ढीग झाला होता.

चकती सैल आहे, मामांच्या मनाने लगेच कौल दिला. कड्यात नीट बसलेली नाही. आज ना उद्या निसटणार.

त्यांनी प्रयोगशाळेतल्या इंजिनियरबाईंना बोलावलं. बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी ढिगातली नाणी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली.

"मामा, वजन बरोबर आहे, जाडी बरोबर आहे, व्यास बरोबर आहे. मी अंगठ्याने चकती दाबूनही बघितली. जागची हलत नाही."

"वाजवून बघितलंत?"

"बघितलं. मला सगळी सारखीच वाटली." त्यांनी तिथेच एक नाणं ऐरणीवर टाकलं. "तुम्हाला आत्ता काही ऐकू आलं?"

मामांना ऐकू आलं होतं. स्पष्ट. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण मामांची एक गोष्ट टांकसाळीत कुणालाच ठाऊक नव्हती. गेलं दीड वर्ष त्यांच्या डाव्या कानात गुणगुण होत होती. आधी ती फक्त झोपताना यायची, मग चहा पिताना येऊ लागली, आता तिला काळवेळ राहिली नव्हती. बायकोने दोन हाका मारल्या तरी मामांना कळत नसे, आणि बायकोपासून काही लपत नसे. तिनेच त्यांना हाताला धरून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, यंत्र लावून बघितलं आणि वयाचं कारण सांगितलं. "जी खरखर ऐकू येते ना, ती कानाचीच असते. बाहेर काहीही नसतं. तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिका," असंही ते म्हणाले.

डॉक्टर भला माणूस होता. आपल्या सल्ल्याने कुठे काय होणार आहे, हे त्याला कसं कळावं.

त्या संध्याकाळी मामा ताटातलं अन्न नुसतं चिवडत होते. बायकोने विचारलं, "काय झालंय?"

"कान गेला माझा."

"पूर्ण?"

"पूर्ण गेला असता तर बरं झालं असतं. आता तो खोटं बोलायला लागलाय." आणि त्यांनी नाण्यांची हकिगत सांगितली.

तिने ताटातली भाकरी त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "अहो, ती खरखर प्रत्येक नाण्याला येते का?"

"नाही. शंभरात सात-आठांना."

"कानाची असती तर शंभराला आली नसती का?"

मामा चिडले. "तुला त्यातलं काय कळतंय? त्या बाईंनी यंत्रावर तपासलंय. निवृत्तीला पाच महिने राहिलेत माझे. आता उठून सांगू का सगळ्यांना, की नाणी चांगली आहेत, कानमामांचाच कान फुटलाय म्हणून?"

तिने पुढे विषय वाढवला नाही. मामांना खरं तर तिने वाढवायला हवा होता. पण एकदा तोडून टाकलं की पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, हा तिचा शिरस्ता त्यांनीच तिला लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. वेगळ्या ठेवलेल्या नाण्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि हिरव्या पेटीत ओतला. त्यानंतरचे दहा दिवस त्यांनी नाणी वाजवली, खरखर ऐकली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच लाल पेटी तळापर्यंत रिकामी राहिली. मोठ्या साहेबांनी बुवांची पाठ थोपटली. बुवांनी मामांना चहा पाजला आणि मामांनी कप अर्धाच ठेवला.

चाळीस हजारांतली पाच हजार नाणी आधी बस आगारांना दिली गेली. लोकांना ती आवडली. विशेषतः ज्यांना दिसत नाही अशांना. एका आगारातून निरोप आला की बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक आंधळे गृहस्थ रोज वाहकाकडून हटकून विसाचं नाणं मागून घेतात, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मोड दुसऱ्याकडून तपासून घ्यावी लागत नाही. बुवांनी तो निरोप सगळ्या खात्यांत फिरून सांगितला. सातव्या आठवड्यात एक वाहक टांकसाळीच्या फाटकाशी आला. त्याने एक हात उघडला, त्यात पिवळं कडं होतं. दुसरा उघडला, त्यात पांढरी चकती होती. तो म्हणाला, "साहेब, याचं तिकीट कशावर द्यायचं? कड्यावर की बिल्ल्यावर?"

आठवडाभरात अशी सव्वाशे नाणी परत आली.

चौकशी बसली. मोठे साहेब तसे पापभीरू गृहस्थ. त्यांना कुणाचा बळी द्यायचा नव्हता, फक्त प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं. बुवा, इंजिनियरबाई आणि मामा. मग त्यांनी तयार जबाब वाचून दाखवला. दोन धातूंच्या नाण्यात नाद नसतो, त्यामुळे सैल चकती वाजवून ओळखता येणं शक्यच नव्हतं. नाण्याची कल्पनाच अव्यवहार्य आहे. सबब गोदामातली पस्तीस हजार नाणी वितळवावीत, ठसा मोडीत काढावा आणि विसाची नोट चालू ठेवावी.

"म्हणजे यात कुणाचाच दोष नाही," साहेब म्हणाले. "मामा, तुमच्यावर तर काहीच येत नाही. इथे सही करा."

मामांनी बुवांकडे पाहिलं. बुवा टेबलाकडे बघत होते. ठसा मोडीत काढावा, या शब्दांनंतर त्यांनी मान वर केलीच नव्हती. मामांच्या मनात आलं, सही करायला अर्धा क्षण लागतो. पाच महिन्यांतले तीन उरलेत. कुणी काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. एकतीस वर्षं जी अब्रू कमावली ती आहे तशी घरी नेता येईल. आणि त्याच वेळी त्यांना हेही कळलं की या कागदावर सही केली तर त्यातलं काहीच आपल्याकडे उरणार नाही.

"साहेब, हे चुकीचं लिहिलंय," ते म्हणाले.

"काय चुकीचं?"

"नाद असतो. सैल चकतीचा वेगळा येतो. मला चौथ्या दिवशी ऐकू आला होता."

इंजिनियरबाईंनी हळूच मान डोलावली. "खरंय साहेब. यांनी मला काही नाणी तपासायला दिली होती. मला काही सापडलं नाही."

"मग ती नाणी लाल पेटीत का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"मी परत हिरव्यात टाकली. माझ्या कानात दीड वर्षं गुणगुण आहे. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं तो आवाज नाण्याचा नाही, माझाच आहे. पण आवाज नाण्याचाच होता." मामांनी तयार जबाब साहेबांकडे परत सरकवला. "कान बरोबर होता, साहेब. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. असं लिहा. आणि सगळी वितळवू नका. शंभरात सात-आठच वाईट आहेत. मी निवडून देतो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला कळतंय का, हे असं लिहिलं तर तुमच्या सेवापुस्तकात काय येईल? दोष ठाऊक असून माल पुढे सोडला, असं. निरोपसमारंभ नाही, काही नाही. पेन्शनलाही कात्री लागेल."

"कळतंय."

"घरी एकदा विचारा तरी."

"घरी बायकोने आधीच सांगितलं होतं," मामा म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

बुवा उठले. मामांना वाटलं, ते आता खांद्यावर हात ठेवतील. बुवा त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते अशा आवाजात म्हणाले, "तुला ऐकू आलं होतं. आणि मी चहा पाजला तेव्हा तू माझ्यासमोर गप्प बसून होतास."

ते निघून गेले. मामांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं, कारण बुवा म्हणाले त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

पहिल्या दिवशी मामांनी दोनशे नाणी वाजवून त्यातली पंधरा लाल पेटीत टाकली. इंजिनियरबाईंनी ती पंधराच्या पंधरा कापून भिंगाखाली धरली. प्रत्येक चकतीभोवती केसाहून बारीक फट होती. चकत्या कापणाऱ्या यंत्रांपैकी एकावर त्या किंचित लहान कापल्या जात होत्या, हेही त्यावरूनच सापडलं. साहेबांनी गोदामातली पस्तीस हजार नाणी मामांकडे पाठवायला सांगितलं. मात्र आता मामा एकटे बसणार नव्हते. शेजारी इंजिनियरबाई एक ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बसत, म्हणजे पुढे कधी हे काम यंत्राला शिकवता यावं. आणि दाराशी एका स्टुलावर ठसेबुवा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते सकाळी येत, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर बसत, लाल पेटीत जाणाऱ्या प्रत्येक नाण्याकडे बघत आणि संध्याकाळी उठून जात. मामांशी एक अक्षर बोलत नसत. मामा रोज आल्यावर "बुवा, ये" म्हणत आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागत.

एकदा बाईंनी न राहवून विचारलं, "मामा, तेव्हा मी जरा नीट ऐकलं असतं तर?"

"तुमचं काम मोजायचं होतं मॅडम, ते तुम्ही चोख केलंत. ऐकायचं काम माझं होतं."

नवव्या दिवशी दुपारपर्यंत सत्तावीस हजार झाली. मामांची मान भरून आली होती. जेवण झाल्यावर गुणगुण वाढली. ती अशी वाढायची तेव्हा आजूबाजूचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटे. त्यांनी डोकं झटकलं, उजवा कान ऐरणीकडे केला आणि पुढचं नाणं सोडलं.

टप्.

त्यांनी ते उचलून पुन्हा सोडलं. मग तिसऱ्यांदा. त्यानंतर ते हातात धरून नुसते बसून राहिले.

"चांगलं की वाईट?" बाईंनी विचारलं. त्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"खरखर आहे. पण ती याची की माझी, ते कळत नाही."

बाई गोंधळल्या. "मामा, पेट्या दोनच आहेत. अंदाजाने सांगा ना. एका नाण्याने असं काय होणार आहे?"

दोन पेट्यांमधली ऐरण आणि ऐरणीवरचा आपला हात त्यांना दिसत होता. अंदाजाने टाकायचं, दुर्लक्ष करायचं, पुढचं उचलायचं. ते किती सोपं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं. त्यांनी मान हलवली.

"अंदाजाने नाही, मॅडम. मला माहीत नाही, असं लिहा. आज याच्यापुढे मला कदाचित बऱ्याच नाण्यांचं माहीत नसणार आहे. तेही लिहा. दिवसाच्या शेवटी कापून बघा नाहीतर वितळवा. पण मी पास केलं असं एकाही कागदावर यायला नको, आणि नापास केलं असंही नको."

बोलून झाल्यावर ते ऐरणीकडे बघत राहिले. कानमामांनी आजवर "मला माहीत नाही" असं म्हटलेलं टांकसाळीत कुणी ऐकलं नव्हतं. नाणं ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते त्यांच्या मुठीतच होतं.

दाराशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. बुवांनी मांडीवरची आपली हत्यारांची लाकडी पेटी उघडली. कोरण्या, भिंग, मेणाचे तुकडे सगळं काढून त्यांनी स्टुलावर ठेवलं, पेटी उलटी करून झटकली, आतला धातूचा कीस हाताने पुसला आणि ती आणून ऐरणीच्या समोर, लाल आणि हिरव्या पेटीच्या मधोमध ठेवली.

"इथे टाक," ते म्हणाले.

मामांनी मूठ उघडली आणि नाणं त्या पेटीत ठेवलं. बाईंनी कागदावर उभी रेघ मारून तिसरा रकाना केला. बुवा स्टुलावर हत्यारं होती म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले. मामांनी पुढचं नाणं उचललं.

संध्याकाळी काम थांबलं तेव्हा त्या तिसऱ्या पेटीत एकतीस नाणी होती. मामांनी त्यातलं एकही पुन्हा लाल किंवा हिरव्या पेटीत हलवलं नव्हतं.